जुन्या गाडीचा एसी गार करत नाही? गॅस सगळ्यात शेवटी भरा

मार्च उजाडला की दहा-बारा वर्षं जुनी वॅगन-आर, सँट्रो किंवा इंडिका गॅरेजात जाते. मालक म्हणतो, "एसी गार करत नाही." समोरून उत्तर येतं, "गॅस संपलाय, भरून देतो." दोन महिने बरं चालतं, मग पाऊस येतो आणि विषय मागे पडतो. पुढच्या मार्चला पुन्हा तोच खर्च.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी पाइप आणि कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) शाफ्ट सीलमधून तो थोडा झिरपतो, त्यामुळे चार-पाच वर्षांनी एकदा भरावा लागला तर ते समजण्यासारखं आहे. दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे. आणि गार न करण्याच्या बऱ्याच तक्रारींशी गॅसचा काही संबंधच नसतो. म्हणून फुकटातल्या तपासण्या आधी करायच्या, मग शंभर-दोनशे रुपयांच्या, आणि नळ्या उघडायचं काम सगळ्यात शेवटी.

आधी तापमान मोजा

स्वयंपाकघरात वापरतात तसा सळईचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. गाडी सावलीत लावा, इंजिन गरम होऊ द्या. काचा बंद, हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण चालू, ब्लोअर दोन नंबरवर, तापमानाचा नॉब पूर्ण गार. इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास धरून डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर खोचा आणि दहा मिनिटं थांबा. बाहेर ३५ अंश असताना ७ ते ११ अंश आले तर एसी ठीक आहे. १२ ते १६ म्हणजे कुठेतरी कमी पडतोय. १८ च्या वर म्हणजे नक्की बिघाड. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत आकडा दोन-तीन अंशांनी वर राहतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यातला आकडा रत्नागिरीच्या मे महिन्याशी ताडून पाहू नका.

आता तक्रार नेमकी कधी होते ते बघा. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम, तर दोष पुढच्या बाजूला आहे: कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) किंवा त्याचा पंखा. तासाभराने हवेचा झोतच कमी होतो आणि एसी पाच मिनिटं बंद ठेवला की पुन्हा सुरू होतो, तर कूलिंग कॉइलवर (डॅशबोर्डमागे हवा गार करणाऱ्या जाळीवर) बर्फ साचतोय. सुरुवातीला छान आणि इंजिन तापल्यावर एकदम गरम हवा, तर कॉम्प्रेसरच्या क्लचवर (पुलीची फिरकी कॉम्प्रेसरला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या चुंबकी चकतीवर) संशय घ्या. पहिल्या सेकंदापासून गरमच, तर कॉम्प्रेसर फिरतोय का तेच आधी पाहायचं.

कंडेन्सर आणि पंखा

कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. दोघांमधल्या बोटभर फटीत वर्षानुवर्षं माती, वाळकी पानं, प्लॅस्टिकचे तुकडे साचतात. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते, म्हणून ही फट कुणी साफच करत नाही. इंजिन थंड असताना रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट सैल करून तो जरासा मागे झुकवा आणि टॉर्चने आत पाहा. मऊ ब्रश, गाडीचा शॅम्पू आणि साध्या नळाचं पाणी घ्या. पाणी इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने सोडायचं, म्हणजे कचरा आला तसा परत जातो. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशरचा फवारा जवळून मारला तर पातळ ॲल्युमिनियमच्या पात्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. थोड्या वाकलेल्या पात्या बोथट सुरीच्या टोकाने सावकाश सरळ करता येतात.

पंख्याची तपासणी सोपी आहे. बहुतेक गाड्यांत एसी सुरू करताच पंखा फिरायला हवा. पुढच्या जाळीवर टिश्यू पेपर धरा, तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. कागद बाहेर ढकलला जात असेल तर मोटर बदलताना वायरी उलट्या जोडल्या गेल्या आहेत. पंखा फिरत नसेल तर फ्यूज, मग रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच), मग मोटरचे कार्बन ब्रश. नुसते ब्रश घासले असतील तर ऑटो इलेक्ट्रिशियन ते बदलून देतो, अख्खी मोटर लागत नाही. हात घालण्याआधी किल्ली काढा, कारण गरम इंजिनावर हे पंखे आपोआप सुरू होतात.

गार हवेत गरम हवा मिसळत असेल तर

या कारणाकडे आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून इंजिनचं ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी फिरत असतं. काही गाड्यांत ते केबलने चालणाऱ्या व्हॉल्व्हने बंद होतं, काहींत पाणी सतत फिरतं आणि फक्त एक पडदा हवा अडवतो. केबल ढिली झाली किंवा पडद्यावरचा फोम गळून पडला की कूलिंग कॉइलने गार केलेली हवा हीटरवरून जाऊन पुन्हा तापते. गॅस कितीही भरा, फरक पडत नाही.

चाचणीसाठी इंजिनाच्या मागच्या भिंतीत शिरणारे दोन रबरी होस शोधा. जाडसर कापड गुंडाळून त्यातला एक चपट्या क्लँपने दाबून पाणी थांबवा आणि थर्मामीटर पाहा. चार-पाच अंश खाली आले तर चोर सापडला. आधी केबलची क्लिप पुन्हा ताणून बसवा. व्हॉल्व्ह अडकला असेल तर तो बदला. तेही जमत नसेल तर इंजिन थंड असताना दोन्ही होस एका नळीने एकमेकांना जोडून हीटर वगळता येतो. किनारपट्टीवर हीटर कुणाला लागत नाही आणि पावसात काचेवरची वाफ एसीच काढतो. पण होसची तोंडं नुसती बूच मारून बंद करू नका. काही इंजिनांत पाण्याचा तो रस्ता चालू असावा लागतो.

हवाच कमी येत असेल तर

केबिन फिल्टर असेल तर तो बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो काढून एकदा एसी चालवा. झोत वाढला तर नवा बसवा. कित्येक जुन्या स्वस्त मॉडेलांत फिल्टर नसतोच, त्यामुळे रस्त्याची धूळ थेट ओल्या कूलिंग कॉइलवर बसते आणि तिचं नमद्यासारखं जाड पांघरूण तयार होतं. ब्लोअर मोटर तीन स्क्रूंनी खाली उतरते. त्या भोकातून कॉइलचं तोंड दिसतं. ॲल्युमिनियमला चालणारा, आम्ल नसलेला फोमचा कॉइल क्लीनर फवारा, वीस मिनिटं थांबा, मग थोडं पाणी मारा. घाण ड्रेन पाइपमधून गाडीखाली पडते. ड्रेन तुंबलेला असेल तर तेच पाणी डावीकडच्या पायाखालच्या गालिच्यात जातं, म्हणून तो आधी पातळ तारेने मोकळा करा. बर्फ साचण्याचं दुसरं कारण म्हणजे कॉइलच्या पात्यांमध्ये खोचलेली सेन्सरची काडी सुटलेली असणं. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये तिथे तांब्याची बारीक नळी असते. ती पुन्हा आत खोचली की काम झालं.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो? वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळलाय. स्वस्त भाग आहे, दोन स्क्रूंचं काम.

क्लच: एका वॉशरची दुरुस्ती

एसी लावल्यावर 'टक्' आवाज येऊन कॉम्प्रेसरची पुढची चकती पुलीबरोबर फिरायला हवी. आवाजच नसेल तर फ्यूज पाहा, मग रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले तसाच असतो, तो काढून लावून पाहा. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही हाच दोष दाखवतात. कॉम्प्रेसरच्या प्लगवर इंजिन चालू असताना किमान ११.५ व्होल्ट यायला हवेत, आणि मॅग्नेट कॉइलचा रोध साधारण ३ ते ४.५ ओहम असावा. वीज पोचतच नसेल तर प्रेशर स्विचने गॅस कमी असल्यामुळे तोडलेली असू शकते. तो स्विच तारेने जोडून कॉम्प्रेसर पळवू नका. तेल गॅसबरोबर फिरतं. गॅस नाही म्हणजे वंगण नाही, आणि शेकड्यांतली दुरुस्ती पाच आकड्यांत जाते.

'तापल्यावर सुटतो' या दोषाचं मूळ फटीत असतं. चकती आणि पुली यांच्यातली फट ०.३ ते ०.६ मिमी असावी. वर्षानुवर्षं घासून ती ०.८-०.९ मिमीपर्यंत जाते. कॉइल गरम झाली की तिचा रोध वाढतो, चुंबक कमजोर होतो आणि एवढ्या फटीतून चकती ओढू शकत नाही. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) तीन ठिकाणी घालून मोजा. फट जास्त असेल तर मधला बोल्ट किंवा नट काढा, चकती बाहेर घ्या. शाफ्टवर पातळ वॉशर दिसतील. त्यातला एक, साधारण ०.२ ते ०.३ मिमीचा, काढून पुन्हा जोडा. चकती हाताने फिरवल्यावर कुठेही घासता कामा नये. नळ्यांना हात लागत नाही, गॅस जात नाही, नवा भागही लागत नाही. एवढं न पाहता पूर्ण कॉम्प्रेसर बदलायला सांगणाऱ्याला आधी फट मोजून दाखवायला सांगा. काम चाकाच्या बाजूने खालून करणार असाल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, स्टँड लावा.

जाता जाता बेल्ट पाहा. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर ८ ते १० मिमी दबावा. एसी लावताच किंचाळत असेल तर ताणा किंवा बदला.

गळती शोधणे

गॅस जिथून जातो तिथून थोडं तेलही जातं आणि त्यावर धूळ बसते. म्हणून काळा, तेलकट डाग हा पहिला पुरावा. सांधे, पाइप आणि रबर जिथे दाबून जोडलेत ते ठिकाण, कॉम्प्रेसरच्या क्लचमागची बाजू (तेल उडून बोनेटच्या आतल्या बाजूला आडवी रेघ उमटते), कंडेन्सरचा खालचा कोपरा, आणि ब्रॅकेटला घासणारा ॲल्युमिनियमचा पाइप. समुद्राजवळच्या गाड्यांत कंडेन्सर खारट हवेने पांढरा पडून खालून सडतो.

साबणाचं घट्ट पाणी ब्रशने लावा. सगळ्यात आधी भरायच्या दोन तोंडांवर. तिथली पिन सायकलच्या व्हॉल्व्हसारखी असते, तिची रबर मरते आणि झाकण बहुधा हरवलेलं असतं. पिन काही रुपयांत येते, आतला रबर शाबूत असलेलं झाकणही तितकंच महत्त्वाचं. डाग सापडत नसेल तर तेलात मिसळायचा यूव्ही रंग ५ ते ७ मिली घालून आठवडाभर एसी चालवा आणि रात्री यूव्ही टॉर्चने पाहा. ड्रेन पाइपच्या तोंडाशी हिरवट चमक दिसली तर कूलिंग कॉइल फुटलीय. पूर्ण रिकाम्या सिस्टिममध्ये नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत, रेग्युलेटर लावूनच, भरून अर्धा तास ठेवणं ही सगळ्यात भरवशाची चाचणी. पंक्चरवाल्याची हवा भरू नका, तिच्यासोबत पाणी जातं. ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

ओ-रिंग मरलेली असेल तर एसीचीच घ्या, नळकामाची चालत नाही. बसवताना ग्रीस नको, कॉम्प्रेसरच्या तेलाचं बोट फिरवा. सांधा उघडताना दोन पाने (स्पॅनर) लावा, नाहीतर मऊ पाइप पिळला जातो. ॲल्युमिनियमच्या पाइपाला भोक असेल तर तो काढून अर्गन वेल्डिंग करून घेता येतं. एपॉक्सी पुटी आतल्या दाबापुढे आणि गरमीपुढे टिकत नाही. कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांत भोक असेल तर मात्र तो बदलायचा. डब्यातलं 'लीक बंद' करणारं रसायन घालू नका. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बारीक भोकात जमतं. कूलिंग कॉइल बदलायची असेल तर मजुरी आधी विचारा. काही जुन्या छोट्या मारुतींत ती ग्लोव्ह बॉक्स काढून निघते, इतर कित्येक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि खरा खर्च तिथेच होतो.

व्हॅक्यूम आणि वजनावर गॅस

सिस्टिम उघडली की रिसीव्हर ड्रायर नवा हवाच. ओलावा शोषून तो भरलेला असतो, आणि नवा काही शेकड्यांत येतो. त्याचं झाकण जोडायच्या क्षणीच काढा. या गाड्यांत भरतात त्या आर-१३४ए गॅससाठी पीएजी नावाचं तेल लागतं, त्याचा नंबर कॉम्प्रेसरच्या पट्टीवर असतो. बाटली सीलबंद घ्या, कारण हे तेल हवेतलं पाणी ओढतं. कंडेन्सर बदलला तर २० ते ३० मिली, कूलिंग कॉइल बदलली तर ३० ते ४० मिली, ड्रायरसाठी १० मिलीच्या आसपास तेल घाला. जास्त तेल झालं तरी गारवा कमी होतो.

व्हॅक्यूम पंप किमान ३० मिनिटं, पावसाळी हवेत ४५ ते ६०. हवेच्या नेहमीच्या दाबाला पाणी १०० अंशांना उकळतं, पण चांगल्या व्हॅक्यूममध्ये ते ३० अंशांनाही उकळून वाफ होऊन निघून जातं. त्यासाठीच ही वेळ द्यायची. फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर तेवढं खोल ओढत नाही, आणि गॅस सोडून हवा ढकलून देणं हा तर व्हॅक्यूम नव्हेच. पंप आणि पुढे कॅन गेज सेटच्या मधल्या पिवळ्या होसला लागतो; निळा होस आणि काटा कमी दाबाचा, लाल जास्त दाबाचा. मुंबईत निळ्या गेजचा काटा पाऱ्याच्या २९ इंचांच्या पुढे जातो. पुणे-नाशिक ५५०-६०० मीटर उंचीवर आहेत, तिथे तोच पंप २८ च्या आसपास थांबतो. तो दोष नाही. पंप बंद करून १५ मिनिटं थांबा. काटा परत आला तर गळती अजून आहे, गॅस उघडू नका.

किती गॅस भरायचा ते बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांत तो साधारण ३५० ते ५५० ग्रॅम असतो. डिजिटल वजनकाट्यावर कॅन ठेवून वजन लिहा. पिवळ्या होसमधली हवा क्षणभर गॅस सोडून काढा. इंजिन बंद असताना व्हॅक्यूममुळे दीडशे-दोनशे ग्रॅम आपसूक आत जातो. मग इंजिन आणि एसी चालू करून उरलेला फक्त निळ्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूने, कॅन उभा धरून सोडा. कॅन उलटा केला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जाऊन त्याचे व्हॉल्व्ह तोडतो. इंजिन चालू असताना लाल नळ कधीही उघडायचा नाही, मोठा दाब उलटा कॅनमध्ये जाऊन कॅन फुटतो. चष्मा आणि हातमोजे घाला, कॅन आगीवर किंवा उकळत्या पाण्यात गरम करू नका. स्टिकरचा आकडा आला की थांबा. 'अजून थोडा' गॅस घातल्याने गारवा वाढत नाही, घटतो. आधीचा गॅस हवेत सोडून देऊ नका, रिकव्हरी मशीन असलेल्याकडून काढून घ्या. आर-१३४ए ची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे.

३५ अंशांच्या हवेत, १५०० आरपीएमवर निळा काटा ३० ते ४५ आणि लाल २०० ते २६० पीएसआय असावा. दोन्ही कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस जास्त, आत हवा, किंवा कंडेन्सर गार होत नाही. निळा जास्त आणि लाल कमी, तर कॉम्प्रेसर आतून झिजलाय. निळा शून्याखाली गेला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबलाय. पहिली दहा मिनिटं ठीक आणि मग खाली ओढला गेला, तर आत पाणी राहिलंय आणि ते व्हॉल्व्हपाशी गोठतंय.

दुसऱ्याने भरलेला गॅस खरा आहे का, तेही गेज सांगतो. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर आर-१३४ए चा दाब २५ अंशांना सुमारे ८२, ३० ला ९७, ३५ ला ११४ पीएसआय असतो. त्याहून बराच जास्त दिसला तर हवा किंवा भलताच गॅस मिसळलाय. आर-२२ (जुन्या घरगुती एसीतला गॅस) असेल तर ३० अंशांना दीडशेच्या वर दाखवतो. एलपीजी भरून स्वस्तात गार करून देणाऱ्यांकडे जाऊ नका. कॉइल फुटली तर तो जळणारा गॅस डॅशबोर्डमधून काचा बंद असलेल्या गाडीत येतो.

नव्वदच्या दशकातल्या गाडीत आर-१२ असेल तर बदल करूनच पुढे जा: जुनं तेल काढून एस्टर तेल, नवा ड्रायर, सगळ्या ओ-रिंग, भरण्याची नवी तोंडं, आणि जुन्या वजनाच्या ८० ते ८५ टक्के आर-१३४ए.

कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर

पाइप काढल्यावर तेलात राखाडी चमकी दिसली तर नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. तो चुरा कंडेन्सरमध्ये अडकलेला असतो आणि नव्याला महिनाभरात खातो. चपट्या नळ्यांचा कंडेन्सर धुऊन साफ होत नाही. कंडेन्सर, व्हॉल्व्ह, ड्रायर बदला, उरलेले पाइप धुवा. चुरा नसेल आणि फक्त शाफ्ट सीलमधून तेल येत असेल तर सील बदलून मिळतं, आणि ते नव्या कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत जुना कॉम्प्रेसर शोधत असाल तर दोन्ही तोंडांना बूच लावलेलाच घ्या. चकती हाताने फिरवा, खडखड किंवा अडखळ नको. बूच काढल्यावर थोडी फुस्स आली तर उत्तम, आतला दाब टिकून आहे. बोटावर तेल घेऊन पाहा: स्वच्छ किंवा फिकट पिवळं चालेल, काळं आणि जळक्या वासाचं नको. मॅग्नेट कॉइल मीटरने तिथेच मोजा. पुलीवरच्या बेल्टच्या खाचा आणि नळ्यांची तोंडं आपल्या जुन्याशी शेजारी ठेवून जुळवा, म्हणून जुना सोबत न्या.

काम झाल्यावर भरलेले ग्रॅम, घातलेलं तेल, तारीख आणि त्या दिवशीचं जाळीतलं तापमान बोनेटच्या आत मार्करने लिहा. पावसात आणि थंडीत आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे शाफ्ट सील ओलं राहतं. पुढच्या मार्चला त्याच पद्धतीने पुन्हा तापमान मोजा. आकडा लिहिलेल्या तापमानापासून दोन अंशांच्या आत असेल तर गाडी गॅरेजात न्यायची गरज नाही.